खुफूच्या पिरॅमिडचा उतार, खरी उत्तर आणि मृगाचा बाण: शाळेच्या प्रतिकृतीसाठी नेमकी मापं हवीत

गणित_बाई_खानापूर

नमस्कार. आमच्या मराठी हायस्कूलची नववी-दहावीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडची प्रतिकृती करणार आहेत. सोबत दोन तक्ते लावायचे आहेत, एक भूमितीचा आणि एक ताऱ्यांचा. परीक्षक दरवर्षी बारीक विचारतात, म्हणून खालच्या गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

पुठ्ठ्याचे त्रिकोण कापताना कोणती मापं धरायची? पिरॅमिडमध्ये पाय (π) आणि सुवर्ण गुणोत्तर (सुमारे १.६१८) मुद्दाम बसवलं होतं, हे तक्त्यावर लिहायचं का? बाजू खऱ्या उत्तरेला इतक्या अचूक कशा लागल्या, आणि तो प्रयोग मुलांना शाळेच्या माळावर करता येईल का? शेवटचं म्हणजे, तीन पिरॅमिड मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांची नक्कल आहेत आणि पिरॅमिडचा अक्षांश प्रकाशाच्या वेगाएवढा आहे असे दोन मेसेज गटागटांतून फिरताहेत. मुलं तेच तक्त्यावर लिहायला निघाली आहेत. त्यांना काय सांगू?

ओळंबा_बेळगाव

बाई, आधी मापांचं बघू. बाकीचं निम्मं त्यातूनच सुटतं.

इजिप्तचा राजहात सुमारे ५२.४ सेंटिमीटरचा. त्याचे ७ तळवे, एका तळव्याची ४ बोटं, म्हणजे हाताची २८ बोटं. खुफूच्या पिरॅमिडची बाजू ४४० हात (२३०.३ मीटर) आणि मूळ उंची २८० हात (१४६.६ मीटर). तुम्ही एक हात बरोबर एक मिलिमीटर धरा. पाया ४४ सेंमी, उंची २८ सेंमी, प्रमाण साधारण १:५२४. सगळे आकडे पूर्ण येतात आणि मुलांना प्रत्येक माप हातात सांगता येतं.

आता कापणी. त्रिकोणाचा पाया ४४ सेंमी, पण त्रिकोणाची उंची २८ नाही. बाजूची तिरकी उंची घ्यायची: २२० आणि २८० चा कर्ण, म्हणजे ३५६.१ मिमी. कोपऱ्याची कड ४१८.६ मिमी येते. बहुतेक प्रतिकृती इथंच फसतात. त्रिकोणाची उंची २८ सेंमी ठेवून चिकटवलं तर पिरॅमिड १७.३ सेंमी उंचीचा होतो आणि उतार ३८ अंशांवर येतो. समभुज त्रिकोण कापले तर उलटं होतं, उंची ३१ सेंमीवर जाते आणि उतार पावणेपंचावन्न अंश. दोन्ही चुका लांबूनही दिसतात.

३ मिमीचा सनबोर्ड वापरणार असाल तर कडा चौकात कापून जोडू नका, कोपऱ्यावर फट राहते. शेजारच्या दोन बाजूंमधला आतला कोन ११२.४ अंशांचा आहे. म्हणून प्रत्येक उभी कड चौक कापापासून ३४ अंश आतल्या बाजूला तासायची, खालची कड ३८ अंश. कटरने एका दमात तासू नये, दोन-तीन हलके हात मारावेत, नाहीतर फोम फाटतो. चारही बाजू आधी नुसत्या टेपने जोडून पायाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ६२.२ सेंमी आले की मगच डिंक लावा.

उताराचं माप इजिप्तचे लोक अंशात घेत नव्हते. एक हात उभं चढल्यावर आडवं किती आत जायचं, ते तळव्यात सांगायचे. त्याला सेकेद म्हणत. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद साडेपाच तळवे, म्हणजे ७ चढ आणि ५.५ आत. आजच्या हिशेबात ५१ अंश ५० कला (एका अंशाच्या ६० कला). गवंड्याला हे लगेच कळतं, कारण उतारासाठी लाकडी गुण्याच करायचा आहे: उभी बाजू ५२.४ सेंमी, आडवी ४१.२ सेंमी, ओळंबा सोडायचा आणि दगडाची तिरकी बाजू त्यावर तपासायची.

हे हिशेब कागदावर उपलब्ध आहेत. ऱ्हाइंड पपायरस ही आमोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५० च्या सुमाराला, त्याहून जुन्या प्रतीवरून उतरवलेली गणितं. त्यातलं ५६ वं गणित: पाया ३६० हात, उंची २५० हात, सेकेद काढा. पायाचा निम्मा १८०, भागिले २५०, गुणिले ७. उत्तर ५ पूर्णांक १/२५ तळवे. दहावीच्या मुलांना हेच गणित फळ्यावर द्या, त्रिकोणमिती सुरू करायच्या आधी. गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा हा कागद हजारेक वर्षांनी अलीकडचा आहे, एवढं मात्र तक्त्यावर लिहा.

पायचं कोडं इथंच सुटतं. परिमिती १७६० भागिले उंची २८० बरोबर ४४/७, म्हणजे २२/७ ची दुप्पट. सेकेद साडेपाच निवडला की हे आपोआप येतं. सुवर्ण गुणोत्तराचंही तेच: ३५६.१ भागिले २२० बरोबर १.६१८६. एकाच उतारातून दोन प्रसिद्ध संख्या निघतात, म्हणून दोन्ही मुद्दाम ठेवल्या असं ठरत नाही. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचा सेकेद सव्वापाच तळवे, म्हणजे बरोबर ३-४-५ चा त्रिकोण, ५३ अंश ८ कला. तिथं पाय येत नाही आणि सुवर्ण गुणोत्तरही नाही. बाप-लेकांच्या दोन पिरॅमिडांत एका बोटाचा फरक आहे, एवढंच.

तक्त्यावर ठळक जागा द्यायची असेल तर ती चुकांना द्या. साडेपाच तळवे म्हणजे २२ बोटं. गुण्या अर्ध्या बोटाने चुकला, २२ च्या जागी साडेबावीस झाला, तर २८० हात चढेपर्यंत आडवं माप २२० ऐवजी २२५ हात होतं. माथ्यावर पाच हातांची, म्हणजे अडीच मीटरहून जास्त चूक. चार कोपऱ्यांच्या रेषा एका बिंदूत भेटणारच नाहीत. म्हणून नुसत्या गुण्यावर भागत नाही, वर जाताना दर काही थरांनी रुंदी आणि कर्ण मोजून ताळा घ्यावा लागतो. दहशूरचा वाकलेला पिरॅमिड बघा. खालचा उतार ५४ अंश २७ कला होता. खालची जमीन भुसभुशीत, आतल्या खोल्यांना तडे गेले, आणि निम्म्याच्या आसपास उंचीवर उतार ४३ अंशांवर आणला. पुढचा लाल पिरॅमिड तर पायापासूनच ४३ च्या आसपास बांधला.

मृग_निपाणी

उतारावर ओळंबा साहेबांनी सगळं लिहिलंय. मी उत्तर दिशेवर लिहितो.

आधी अचूकता किती ते आपल्या मापात बघा. खुफूच्या पिरॅमिडच्या बाजू खऱ्या उत्तरेपासून सरासरी साडेतीन-पावणेचार कला सरकलेल्या आहेत, घड्याळाच्या उलट दिशेने. २३० मीटरच्या बाजूवर एक कला म्हणजे ६.७ सेंमी. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेषा सुमारे २४ सेंमी चळली. एवढ्या पायात आपले १३ एकर बसतात. १३ एकरांच्या प्लॉटची हद्द चुंबकसूची न वापरता वीतभर फरकात उत्तरेला लावणं हे आजही हलकं काम नाही.

सूर्य की तारे, हा वाद अजून चालू आहे. ताऱ्यांच्या बाजूने सर्वांत गाजलेलं उत्तर इजिप्तच्या अभ्यासक केट स्पेन्स यांनी २००० साली मांडलं. त्या काळी ध्रुवाच्या जागी उपयोगी तारा नव्हता. कालेय तारकासमूहातला ठुबान इ.स.पू. २८०० च्या सुमाराला ध्रुवाला अगदी खेटून होता, पण खुफूच्या वेळेपर्यंत तो एका अंशापेक्षा जास्त लांब गेला होता. म्हणून त्यांनी दोन तारे धरले: ध्रुवमत्स्यातला कोकाब आणि सप्तर्षीतला वसिष्ठ. दोघंही ध्रुवापासून सुमारे दहा अंशांवर, पण विरुद्ध बाजूंना. एक बरोबर वर आणि दुसरा बरोबर खाली आला की ओळंब्याची एकच दोरी दोघांना झाकते. त्या क्षणी दोरी ज्या दिशेला दिसते ती उत्तर.

पण ध्रुव स्थिर राहत नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे (भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे), सुमारे २६ हजार वर्षांच्या फेऱ्यात, ही दोन ताऱ्यांची रेषा दर शतकाला अर्ध्या अंशाच्या आसपास सरकते. म्हणजे रीत तीच ठेवली तरी पिढीगणिक उत्तर दिशा बदलत जायची. गंमत अशी की पिरॅमिडांच्या चुका तशाच क्रमाने सापडतात. मैदूमचा पिरॅमिड सुमारे २० कला पश्चिमेकडे, लाल पिरॅमिड ९ च्या आसपास, खुफूचा साडेतीन, आणि मेनकौरेचा (गिझाचा तिसरा, लहान) १२-१४ कला उलट बाजूला, पूर्वेकडे. यावरून स्पेन्स यांनी खुफूच्या राज्यारोहणाचा काळ इ.स.पू. २४८० च्या जवळ आणला. रूढ कालगणनेपेक्षा तो सुमारे सत्तर वर्षं अलीकडचा पडतो, म्हणून त्यावर वाद झाला.

दुखरी जागा खाफ्रेची आहे. त्याचा पिरॅमिड सुमारे ६ कला पश्चिमेकडे आहे, क्रमाने तो पूर्वेकडे जायला हवा होता. वर आणि खाली असलेल्या ताऱ्यांची अदलाबदल, म्हणजे दुसऱ्या ऋतूत घेतलेला वेध, धरली तरच तो बसतो. खगोलशास्त्रज्ञ हुआन आन्तोनिओ बेलमोन्ते यांनी सप्तर्षीतल्याच अत्रि आणि पुलस्त्य यांची जोडी सुचवली, कारण सप्तर्षींचा हा भाग इजिप्तच्या लोकांना मेसखेत्यू म्हणून चांगला परिचित होता. देवळाचा पाया आखताना दोरी ताणण्याचा विधी व्हायचा, सेशात देवतेच्या नावाने. नंतरच्या देवळांवरच्या लेखांत राजा आकाशाकडे बघून दोरी लावतो असं कोरलेलं आहे.

आता बेळगाव-खानापूर भागात हा प्रयोग. वसिष्ठ आणि कोकाबची जोडी आज चालत नाही. एक तर इतक्या शतकांत दोघांच्या जागा बदलल्या. दुसरं म्हणजे आपला अक्षांश १५.८ अंश, गिझाचा ३०. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून सोळा अंशांवरच आहे, वसिष्ठ ध्रुवाच्या खाली गेला की मावळलेला असतो.

तरी तीच रीत आपल्याकडे आजच्या ध्रुवताऱ्यावर चालते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून ३८ कलांच्या आसपास आहे, म्हणून नुसता त्याच्यावर नेम धरला तर अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकू शकता. पण कोकाब आज ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला आहे. कोकाब ध्रुवताऱ्याच्या बरोबर डोक्यावर आला, म्हणजे एकाच ओळंब्याच्या दोरीत दोघं आले, की ध्रुवतारा खऱ्या ध्रुवाच्या खाली असतो आणि दोरी दोन-अडीच कलांच्या फरकाने खरी उत्तर दाखवते. हे फेब्रुवारीअखेर पहाटे पाचच्या सुमाराला घडतं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात साडेचारला, मेच्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतर साडेबाराला. पावसाळ्यात अर्थातच नाही.

दोन ओळंबे लागतात. एक उत्तरेला बांबूच्या तिकाटण्यावरून, दोरी चार-पाच मीटर उंच, कारण कोकाब ३२ अंशांवर असतो. दुसरा दक्षिणेला, बघणाऱ्याच्या जवळ. दोघांत चार मीटर अंतर ठेवा. बघणारा दुसरी दोरी सरकवत दोन्ही दोऱ्या आणि दोन्ही तारे एका रेषेत आणतो. तारे जुळले की दुसरा ओळंबा तिथंच ठेवून खाली खुंटी ठोका. दोन खुंट्या जोडणारी रेषा ही तुमची उत्तर-दक्षिण.

गणित_बाई_खानापूर

दोघांचेही आभार. मुलं पहाटे येतील, पण प्रदर्शन जानेवारीत आहे. डिसेंबरमध्ये दिवसा करता येईल असं काही सांगा. आणि मुलांना पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे मोबाइलचा होकायंत्र का नाही?

सर्व्हे_चिकोडी

मोबाइलवर दिशा बघू नका बाई. लोखंडी गेट, मोटारसायकल, स्लॅबमधल्या सळ्या यांनी सूची काही अंश सहज फिरते. शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी. खुफूच्या गवंड्यांची चूक चार कलांच्या आत आहे आणि एका अंशात ६० कला असतात. त्या तुलनेत मोबाइल काहीच कामाचा नाही.

दिवसा शंकूची, म्हणजे सरळ उभ्या काठीच्या सावलीची, रीत वापरा. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही हीच आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला फार चांगली लागते, कारण त्या दिवसांत सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) दिवसभरात जवळजवळ बदलत नाही.

माळावर पाण्याच्या पाईपने लेव्हल केलेली जागा घ्या, नाहीतर सिमेंटचा कोबा. १ मीटर उंचीचा शंकू ओळंब्यात उभा करा. २२ डिसेंबरला खानापुरात मध्यान्हीची सावली साधारण ८२ सेंमी पडते. त्यापेक्षा मोठं, १२० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ शंकूच्या मुळाभोवती काढा. सावलीचं टोक सकाळी दहा-वीसच्या सुमाराला वर्तुळात शिरेल आणि दुपारी दोन-चाळीसला बाहेर पडेल. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. आपली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपण ७४.५ रेखांशावर आणि घड्याळ ८२.५ वर चालतं, म्हणून ३२ मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरमध्ये सूर्य साडेबाराला सर्वांत उंच येतो.

चूक कुठून येते ते लक्षात ठेवा. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं आहे, म्हणून सावलीचं टोक धूसर दिसतं. सेंटिमीटरभर भाग ना धड काळा ना पांढरा. टोकदार शंकूऐवजी माथ्यावर पत्र्याची पट्टी बसवा, तिला ५ मिमीचं भोक पाडा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. भोकाचा मध्य बरोबर वर्तुळाच्या केंद्रावर ओळंब्यात यायला हवा. १ मीटरच्या शंकूने दोन खुणांमध्ये दीड मीटर अंतर मिळतं. तिथं २ मिमीची चूक म्हणजे साडेचार कला. शंकू दुप्पट केला आणि वर्तुळही दुप्पट केलं तर तीच २ मिमी सव्वादोन कला होते. म्हणून वर्गात लहान शंकू, माळावर मोठा.

विषुवदिनाची रीत याहून सोपी आहे आणि पिरॅमिडांशी तिचं नातं जास्त जवळचं. त्या दिवशी सावलीचं टोक जवळपास सरळ रेषेत चालतं, वर्तुळाची गरज नाही, दर अर्ध्या तासाने खुणा करून दोरी लावली की पूर्व-पश्चिम. गिझाची मोजणी करणारे अभियंते ग्लेन डॅश यांनी हीच रीत पिरॅमिडांसाठी सुचवली. सूर्याची क्रांती त्या दिवसांत दिवसाला सुमारे २४ कला बदलते, त्यामुळे रेषा बारीकशी कलते. सप्टेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला सरकत असतो, म्हणून दुपारची सावली किंचित जास्त उत्तरेला पडते, आणि रेषेचं पूर्व टोक उत्तरेकडे उचलतं. म्हणजे घड्याळाच्या उलट कल. गिझाच्या अक्षांशावर हिशेब केला तर तो साडेचार-पाच कला येतो. खुफू, खाफ्रे आणि लाल पिरॅमिड तिन्ही याच बाजूला कललेले आहेत. मला हा पुरावा ताऱ्यांच्या जोडीपेक्षा जास्त पटतो, कारण यात खाफ्रेसाठी वेगळी सवलत लागत नाही. मेनकौरे मात्र यातही बसत नाही.

आपल्याकडे २२-२३ सप्टेंबरला ढग भरपूर. २० मार्चला आकाश स्वच्छ मिळतं. १ मीटरच्या शंकूची मध्यान्ह सावली तेव्हा २८ सेंमी, दुपारी बारा-चाळीसच्या आसपास. पण मार्चमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकतो, म्हणून कल उलटा, घड्याळाच्या दिशेने चार-सव्वाचार कला. कोणी दोन्ही विषुवदिनांना खुणा करून ठेवल्या तर दोन रेषांच्या मधली रेषा खरी पूर्व-पश्चिम.

पाया किती काटेकोर होता तेही तक्त्यावर येऊ द्या. १९२५ च्या जे. एच. कोल यांच्या मोजणीत सर्वांत लहान बाजू उत्तरेची, २३०.२५३ मीटर, आणि सर्वांत मोठी दक्षिणेची, २३०.४५४ मीटर. फरक २० सेंमी. २०१५ च्या मोजणीत पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा १४ सेंमीने लांब निघाली. पायाची फरशी चारी बाजूंना सुमारे २ सेंमीच्या आत समपातळीत आहे. पिरॅमिडच्या पोटात मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवलेला आहे, त्यामुळे आपण लाईन आऊट करताना जसे कर्ण ताणतो तसे तिथं ताणता येत नव्हते. काटकोन प्रत्येक कोपऱ्यावर वेगळा काढावा लागला. ते बघता २० सेंमी फार कमी आहेत.

जांभा_चिरा

एक सुचवतो. खानापूर तालुक्यातच हलशी आहे. तिथल्या भूवराह नरसिंह देवळाचं शिखर कदंब घडणीचं, पायऱ्या-पायऱ्यांनी वर निमुळतं होत जाणारं. इजिप्तशी त्याचा काही संबंध नाही, तसं तक्त्यावर लिहू नये. पण सेकेद मोजायला मुलांना याहून चांगली जागा मिळणार नाही. देवळाचा समोरून, शक्य तितक्या लांबून आणि कॅमेरा सरळ धरून फोटो काढायचा, त्यावर एका पायरीची उभी आणि आडवी लांबी पट्टीने मोजायची. उभी ७ धरली तर आडवी किती, हे प्रत्येक पायरीला काढायचं. जवळून वर बघून फोटो घेतला तर वरच्या पायऱ्या दबून दिसतात आणि सगळे आकडे चुकतात. इजिप्तचा उतार सरळ आहे, इथला वर जाताना बदलतो का, हे मुलांनी आकड्यांवरून सांगावं.

मृग_निपाणी

आता राहिलेले दोन मेसेज.

मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आणि गिझाचे तीन पिरॅमिड. तिसरा तारा थोडा फिका आणि रेषेबाहेर, तिसरा पिरॅमिडही लहान आणि रेषेबाहेर, यावरून ही कल्पना निघाली. पण बाणातला सर्वांत उत्तरेचा तारा तो फिका, आणि गिझात सर्वांत दक्षिणेचा पिरॅमिड तो लहान. जुळवायचं असेल तर नकाशा उलटा, दक्षिण वर करून धरावा लागतो. मुलांना जमिनीचा आणि आकाशाचा नकाशा, दोन्हींवर उत्तर वर ठेवून एकमेकांवर ठेवायला सांगा. लगेच दिसेल.

दुसरं, हे तीन पिरॅमिड एका आराखड्यात उठले नाहीत. खुफू, त्याचा मुलगा खाफ्रे, त्याचा मुलगा मेनकौरे, अशा तीन राजांची ती कामं. खुफूनंतर लगेच गादीवर आलेल्या जेदेफ्रेने तर आपला पिरॅमिड गिझा सोडून काही किलोमीटर उत्तरेला अबू रवाशला बांधला. आकाशातला बाण पुरा करायचं ठरलेलं असतं तर त्याने तिथं कशाला जावं? उंचीही बघा: १४६.६, १४३.५ आणि ६५ मीटर. बाणाच्या ताऱ्यांच्या तेजात एवढी तफावत नाही.

मृगाचं महत्त्व मात्र खरं आहे, ते तक्त्यावर जरूर असू द्या. इजिप्तमध्ये मृगाला साह म्हणत आणि व्याधाला सोपदेत. ध्रुवाभोवती फिरणारे, कधी न मावळणारे तारे अविनाशी मानले जात, आणि राजा मेल्यावर त्यांच्यात जातो असं पिरॅमिड लेखांत आहे. हे लेख पहिल्यांदा कोरलेले सापडतात ते उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, पाचव्या राजवंशाच्या शेवटी. खुफूच्या पिरॅमिडच्या खोल्यांत असा मजकूर नाही.

अरुंद बोगद्यांचा प्रश्न परीक्षक विचारतीलच. राजाच्या खोलीतून दोन बोगदे निघतात, साधारण २० सेंमी चौकाचे. उत्तरेकडचा ३२.६ अंशांनी चढतो, दक्षिणेकडचा ४५ अंशांनी. १९६४ साली अलेक्झांडर बदावी आणि व्हर्जिनिया ट्रिंबल यांनी दाखवलं की त्या काळी दक्षिणेचा बोगदा मृगाच्या बाणाकडे आणि उत्तरेचा ठुबानकडे रोखलेला होता. हिशेब सोपा आहे: गिझाच्या अक्षांशावर दक्षिणेला ४५ अंशांवर येणाऱ्या ताऱ्याची क्रांती उणे १५ असावी लागते. बाणाचे तारे तेव्हा तिथं होते, आज ते विषुववृत्ताजवळ आहेत. पण बोगद्यातून तारा दिसायचा असं लिहू नका. दोन्ही बोगदे खोलीतून आधी आडवे जातात, मग चढतात, आणि उत्तरेचा मोठ्या दालनाला वळसा घालण्यासाठी वाकतो. राणीच्या म्हणतात त्या खोलीचे बोगदे तर खोलीच्या बाजूला बंदच होते. १८७२ साली भिंत फोडली तेव्हा ते सापडले.

ओळंबा_बेळगाव

बोगद्यांवर भूमितीचं एक उत्तर आहे, ते तुमच्या प्रतिकृतीत मुलं स्वतः काढून बघू शकतात. कापलेली बाजू दाखवणारा उत्तर-दक्षिण उभा छेद आलेख कागदावर काढा, एक हात बरोबर एक मिमी. पाया दोन्हीकडे २२०, माथा २८० वर. राजाच्या खोलीची जमीन ८२ वर येते. खोली उत्तर-दक्षिण १० हात रुंद आणि मध्यरेषेच्या दक्षिणेला, म्हणजे दक्षिणेची भिंत मध्यापासून २६ वर, उत्तरेची १६ वर. जमिनीपासून दोनेक हात वर, म्हणजे ८४ वर बोगदे सुरू करा. दक्षिणेचा आडवा ३ जाऊन ४५ अंशांनी, उत्तरेचा आडवा ५ जाऊन ३२.६ अंशांनी. उत्तरेचा वळसा बाजूला ठेवलाय, छेदात तो दिसत नाही. दोन्ही रेषा बाहेरच्या उताराला कुठं छेदतात ते मोजा. दोन्ही १५४ च्या जवळ येतील, म्हणजे जमिनीपासून सुमारे ८० मीटर. खोली दक्षिणेला असल्यामुळे उत्तरेची वाट लांब पडते, म्हणून दोन्ही तोंडं एका उंचीवर आणायची तर उत्तरेचा चढ कमीच ठेवावा लागतो. आणि हे चढ सेकेदात बसतात: दक्षिणेला ७ ला ७, उत्तरेला ७ ला ११. तारे आधी ठरले की उंची आधी ठरली, यावर मुलांना बोलू द्या. माझा कौल उंचीला.

प्रकाशाच्या वेगाचा मेसेज तक्त्यावर अजिबात नको. वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आणि अक्षांश २९.९७९२४५८, असा तो दावा. मीटर हे माप अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ठरलं. अक्षांशाचे ९० भाग करण्याची पद्धतही खुफूच्या वेळी नव्हती. आणि अक्षांशाचा सातवा दशांश म्हणजे जमिनीवर एक सेंटिमीटर. पिरॅमिडचा पाया २३० मीटर, म्हणजे अक्षांशात ०.००२ अंश. एवढ्या पट्ट्यात हवा तो आकडा कुठंतरी सापडणारच. मुलांना हा भागाकार करायला लावा, एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर धरून.

गणित_बाई_खानापूर

छेदाचं उदाहरण दहावीला उद्याच देते. एक शेवटचं: ओळंब्याची दोरी वाऱ्याने हलते, ती कशी थांबवायची? आणि वर्तुळासाठी, चौकासाठी दोरी कोणती?

सर्व्हे_चिकोडी

ओळंब्याचं वजन अर्ध्या किलोच्या वर घ्या आणि ते बादलीत पूर्ण बुडवा, बुडाला किंवा कडेला टेकता कामा नये. पाण्याने झोका थांबतो, खाद्यतेलाने आणखी लवकर, कारण ते घट्ट असतं. पहाटेच्या प्रयोगात काळ्या आकाशावर दोरी दिसत नाही. पांढरी दोरी घ्या आणि लांबून, बाजूने मंद टॉर्च मारा. टॉर्च डोळ्यासमोर आला तर ध्रुवतारा दिसेनासा होतो, तो तसाही फार तेजस्वी नाही.

वर्तुळाला दोरीच नको. नायलॉन ताणला की वाढतो, सुती आणि काथ्याची दवाने आखडते. पहाटे एक माप, दुपारी दुसरं. १२० सेंमीच्या लाकडी पट्टीला दोन खिळे मारा, एक शंकूच्या मुळाशी केंद्रावर, दुसऱ्याने जमिनीवर रेघ. चौकासाठी स्टीलचा टेप घ्या, ३-४-५ मीटर धरून काटकोन काढा आणि दोन्ही कर्ण मोजा. ५ मीटरच्या चौकाचे कर्ण ७.०७१ मीटर यायला हवेत. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर खुंट्या उपटून पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा लावा, एकच खुंटी सरकवून जुळवत बसू नका. एक सरकवली की शेजारचे दोन कोन बिघडतात.